ओल्या लाकडातून चाटू आणि चमचा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं आणि दुपारभरात आमच्या दापोलीच्या परसातला फणस आडवा झाला. त्या वर्षी दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, सगळीकडे हेच चित्र होतं. पडलेल्या झाडांचं बरंचसं लाकूड सरपणात गेलं. मी मनगटाहून चांगली जाड अशी एक फांदी बाजूला ठेवली, पाण्याच्या पिंपात बुडवली, आणि तिच्यातून आईला पिठलं हाटायला चाटू, म्हणजे सपाट पात्याचा लाकडी ढवळणा, करून दिला. तो अजून रोजच्या वापरात आहे. पिवळाधमक होता, आता गुळासारखा तपकिरी झालाय.

तेव्हापासून आजवर जे हाताला कळलं ते इथे सविस्तर लिहितो. घरात पटाशी आणि करवत असलेल्यालाच हे जमतं असं नाही. ओलं लाकूड, एक कुऱ्हाड, एक चांगली सुरी आणि दोन संध्याकाळी, एवढ्यावर चाटू होतो.

आधी चाटू, चमचा नंतर

नवशिक्या माणसाला पहिल्याच दिवशी खोलगट चमचा करायचा असतो. तसं करू नका. चमच्याची वाटी कोरायला वेगळी सुरी लागते, वेगळा हात लागतो आणि लाकडाची रेषा, म्हणजे त्याचे तंतू कोणत्या दिशेने जातात ते, वाचता यावी लागते. ही रेषा चाटू करताना समजते, कारण सपाट पात्यावर चूक लगेच दिसते आणि दुरुस्तही होते. तीन चाटू करा, मग चमच्याकडे वळा.

चाटू करण्याआधी घरातला जुना लाकडी उलथणा किंवा डाव हातात घेऊन बघा. उजव्या हाताने ढवळणाऱ्याच्या घरात त्याची एकच बाजू झिजलेली दिसेल. टोक वर करून धरलं की बहुतेक वेळा डावीकडचा कोपरा उतरता झालेला असतो. पातेल्याच्या तळाला तोच कोपरा घासतो. ही तिरपी कड आपण पहिल्या दिवसापासूनच द्यायची, म्हणजे चाटू तळाला पूर्ण टेकतो आणि पिठलं लागत नाही. डावखुऱ्या माणसासाठी उलट. कढई गोल बुडाची असेल तर कडेला थोडा गोलवा हवा, कुकर किंवा सपाट पातेलं असेल तर सरळ. कोणत्या भांड्यात काय हाटायचंय हे ठरल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये.

लाकूड

ओलं लाकूड म्हणजे ताजं तोडलेलं. सुकलेला साग किंवा बाभूळ सुरीने कोरायला गेलात तर मनगट दुखेल, धार जाईल आणि नाद सुटेल. तेच लाकूड ओलं असताना सुरी कच्च्या पपईत जावी तशी जाते.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांत माझी पसंती अशी: शिकायला आंबा आणि शिवण, रोजच्या चाटूसाठी फणस, बारीक चमच्यासाठी पेरू किंवा चिकू. पेरूचं लाकूड घट्ट, बारीक रेषेचं असतं, त्यावर सुरी फिरली की जागा काचेसारखी चकाकते. जांभूळ चालतं, पण रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्या तर ओरबाडतं. चिंच आणि बाभूळ टिकायला उत्तम, मात्र ती पहिल्या वर्षात नकोत. कडुनिंब छान कोरलं जातं. सुरुवातीचे काही दिवस कडवट वास येतो, धुण्या-वापरण्यात तो कमी होतो.

आंब्याबद्दल दोन गोष्टी. त्याचा ताजा चीक काहींच्या कातडीवर फोड आणतो, बिब्ब्याच्याच कुळातलं झाड आहे ते. आणि पावसाळ्यात आंब्याचं पांढरं लाकूड आठवड्याभरात निळंकाळं पडतं, मग त्याला किडा लागून पीठ पडू लागतं. आंबा आणलात की लगेच कामाला घ्या.

फणसाच्या सालीतून चीक येतो आणि सुरीला चिकटून बसतो. गरे काढताना हाताला खोबरेल लावतो तसंच इथेही करायचं: पात्यावर तेलाचं एक बोट फिरवायचं, काम झालं की तेलाच्याच फडक्याने पुसायचं.

कण्हेर अजिबात वापरायची नाही. तिचं लाकूड, पान, फूल सगळं विषारी. शेर, बिब्बा, खाडीकाठचा गेवा हेही नको. जे झाड ओळखू येत नाही त्याचं भांडं करू नये. गावातल्या जाणत्या माणसाला विचारावं, नाहीतर ते लाकूड चुलीलाही घालू नये, बाजूला ठेवावं. बांधकामाच्या फळ्या, प्लायवूड, औषध मारलेलं लाकूड यांचा तोंडात जाणाऱ्या वस्तूशी संबंध नको.

मिळवायचं कुठून? चमच्यासाठी झाड तोडावं लागत नाही आणि तोडूही नये. परवानगीशिवाय झाड तोडण्यावर शहरात १९७५ च्या आणि इतरत्र १९६४ च्या कायद्याने बंधनं आहेत. पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात, बागायतदार आंब्याची छाटणी करतात, वादळात झाडं पडतात. तिथे जाऊन मागितलं की माणसं आनंदाने देतात. १२ ते १५ सेंटिमीटर जाडीची, सरळ, गाठी नसलेली हातभर फांदी पुरे. सालीवरच्या रेषा बघा. त्या खांबाला वेल चढावा तशा फिरत गेल्या असतील तर आतही पीळ आहे, ती फांदी सोडा.

आणलेली फांदी लगेच कापायची नसेल तर दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट फासा. पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये मी तुकडे पाण्यात बुडवून ठेवतो आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलतो. अर्धवट झालेला चमचा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवतो.

हत्यारं

छोटी कुऱ्हाड, दांडा साधारण हातभर, वजन पाऊण किलोच्या आत. पात्याला धार हवी, फक्त वजन नको. बाजारातली नवी कुऱ्हाड बोथटच असते, तिला तासभर कानस मारून पातळ करावी लागते. आमच्याकडच्या सुतारांचा वाकस, म्हणजे आडव्या पात्याचं तासायचं हत्यार, मिळाला तर आणखी चांगलं.

एक सरळ सुरी, पातं ६ ते ८ सेंटिमीटर. स्वीडनच्या मोरा गावच्या सुऱ्या या कामासाठी जगभर वापरतात. मोराकनीवची १२० नंबरची सुरी ६ सेंटिमीटर पात्याची आहे, ती ऑनलाइन मिळते. पण ओळखीचा लोहार असेल तर त्याच्याकडून गाडीच्या कमानपाट्याच्या लोखंडाची करून घ्या. कोयते ज्या पाट्याचे होतात तोच पाटा, फक्त पातं बारीक आणि दोन्ही बाजूंनी सपाट उतरतं हवं. चमच्यासाठी वाकड्या पात्याची सुरी लागेल, नखासारखी गोल वळलेली. ती नसेल तर गोल पटाशी, पण मग चमचा बाकाला शिकंजाने आवळूनच कोरायचा. हातात चमचा धरून पटाशी चालवणं म्हणजे तळहातात पटाशी घुसवून घेणं.

याशिवाय जुना कोयता, लाकडी हातोडा, पेन्सिल आणि बूड सपाट असलेला लाकडाचा ओंडका.

धार हा या कामाचा निम्मा भाग आहे. काचेच्या तुकड्यावर ४००, १०००, २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवा. पात्याची उतरती बाजू पूर्ण टेकवून, कोन न उचलता, धारेच्या दिशेने सरकवा. पलीकडच्या बाजूला बारीक लव आल्यासारखं बोटाला लागलं की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पॉलिशची हिरवी कांडी घासून, त्यावर पातं उलट्या दिशेने वीस-तीस वेळा ओढा. वाकड्या सुरीच्या आतल्या बाजूसाठी वॉटर पेपर लाटण्याला गुंडाळायचा. धार लागली का हे लाकडालाच विचारायचं: रेषेच्या आडव्या दिशेने एक ढलपी काढा. कापलेली जागा चकाकली तर धार आहे, पांढुरकी आणि खरबरीत दिसली तर परत काचेकडे. कामाच्या दर अर्ध्या तासाने पट्ट्यावर हात फिरवा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच कापतो.

फाडणं

फांदी ३५ सेंटिमीटर लांब कापा. उभी करा, कोयत्याची धार बरोबर मध्यावर ठेवा आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी हातोड्याने मारा. लोखंडी हातोडा नको, कोयत्याच्या कपच्या उडतात. करवतीने चिरण्यापेक्षा फाडणं चांगलं, कारण फाटताना लाकूड स्वतःच्या रेषेनेच उघडतं आणि तयार वस्तूत रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. दांडा मोडतो तो रेषा तुटलेल्या जागी.

अर्ध्या तुकड्यात मधोमध भेंडाची, म्हणजे फांदीच्या मऊ गाभ्याची, बारीक रेघ दिसेल. ती आणि तिच्या बाजूचं सेंटिमीटरभर लाकूड कुऱ्हाडीने काढून टाका. लाकूड सुकताना गोलाईच्या दिशेने जवळजवळ दुप्पट आकसतं, भेंडातून बाहेरच्या दिशेने कमी. भेंड तसंच राहिलं तर ही ओढाताण तिथेच फुटते. मी एकदा घाईत भेंडासकट चमचा केला. संध्याकाळी अगदी सुरेख दिसत होता. रात्री पंख्याखाली ठेवला आणि सकाळी वाटीच्या मधून दांड्यापर्यंत चीर.

तासणं

आता जाड फळीसारखा तुकडा हातात आहे. त्यावर चाटूचा आकार काढा: एकूण लांबी ३० सेंटिमीटर, पातं ६ सेंटिमीटर रुंद आणि ११ लांब, दांडा २ सेंटिमीटर रुंद. सगळीकडे ३-४ मिलिमीटर जास्त ठेवा.

तुकडा ओंडक्यावर उभा धरा, हात वरच्या टोकाशी, कुऱ्हाड कायम हाताच्या खाली. पातं आणि दांडा मिळतात तिथे आधी दोन्ही बाजूंनी तिरपे घाव घालून खाच करा. मग दांड्याच्या टोकाकडून त्या खाचेपर्यंत तासत या, खाचेपाशी ढलपी आपोआप तुटून पडते. खाच नसेल तर फाट पात्यात घुसते आणि चाटूचा अर्धा कान जातो. मग तुकडा उलटा करून पात्याकडून खाचेकडे. नियम एकच: रुंद भागाकडून अरुंद भागाकडे, दोन्हीकडून, आणि खाचेत भेट.

आमच्या आळीतल्या सुतारकाकांनी मला तासताना बघून एवढंच सांगितलं होतं, "ढलपी खोल जायला लागली की थांब रे, लाकूड फिरव." बाकी सगळं त्यातच आलं. ढलपी पातळ आणि सुटी निघत असेल तर तुम्ही रेषेबरोबर आहात. ती उचलली जाऊन खोल घुसू लागली तर रेषेविरुद्ध.

सुरीचे दोन हात

खुर्चीवर बसा, पाठ सरळ, कोपरे मांड्यांवर. लाकूड दोन मांड्यांच्या मध्ये धरून कधीही सुरी चालवू नका. तिथे मोठी रक्तवाहिनी असते आणि सुरी सटकली तर थेट तिथेच येते. लहान मुलं आजूबाजूला नकोत.

पहिला हात ढकलायचा. सुरी उजव्या मुठीत, डाव्या हाताने लाकूड धरलेलं, आणि डावा अंगठा सुरीच्या पाठीवर. जोर त्या अंगठ्याचा, उजवा हात फक्त दिशा देतो. एका वेळी पातं सेंटिमीटरभरच पुढे जातं, म्हणून सटकत नाही. दांड्याच्या कडा गोल करणं, पात्याची जाडी उतरवणं हे सगळं याच हाताने.

दुसरा ओढायचा, बटाटं सोलतो तसा. फरक इतकाच की उजवा अंगठा पात्याच्या वाटेत न ठेवता लाकडाच्या टोकाखाली टेकवायचा. धार कुठे येऊन थांबेल ते आधी बघायचं, मग ओढायचं. सुरुवातीला अंगठ्याला चामड्याची टोपी किंवा जाड कापडी चिकटपट्टीचे तीन-चार वेढे गुंडाळा.

चाटूचं पातं मुळाशी ८ मिलिमीटर जाड, टोकाला २ ते ३. दांड्याला चौकोनी ठेवू नका, पूर्ण गोलही नको. लंबगोल दांडा हातात फिरत नाही. मधेमधे डोळे मिटून मुठीत धरा, टोचणारी कड बोटांना लगेच सापडते. दांड्याची मान, म्हणजे पात्याला मिळते ती जागा, रुंदीला बारीक चालेल, जाडीला मात्र भरपूर ठेवा. सगळा ताण तिथेच येतो.

चमच्याची वाटी

वाटीचं माप: लांबी साडेसहा सेंटिमीटर, रुंदी साडेचार, खोली साधारण एक. आधी वाटी कोरायची, मग तिच्या पाठीला आकार द्यायचा. उलट केलंत तर पाठ आधीच पातळ होते आणि कोरताना आरपार जाते.

वाकडी सुरी मध्यापासून सुरू करा आणि रेषेच्या आडवी चालवा, उजव्या काठाकडून मध्याकडे. मग चमचा फिरवून दुसऱ्या काठाकडून. आंबा चमच्याने खातो तसं मनगट वळवायचं, खणायचं नाही. रेषेच्या लांबीने चालवलीत तर तळाशी ओरबाडे उठतात आणि ते घासूनही जात नाहीत. टोकाकडचा आणि मानेकडचा उतार शेवटी, दोन्हीकडून तळाकडे. तळ मध्यभागी जरा सपाट ठेवा, अणकुचीदार खोलगट तळात आमटी अडकते आणि धुतली जात नाही.

काठाची जाडी ३ ते ४ मिलिमीटर. ती मोजायला अंगठा आत आणि तर्जनी बाहेर धरून वाटीभर फिरवा. एका जागी जाड, एका जागी पातळ असेल तर बोटं सांगतात. खाण्याच्या चमच्याचा काठ २ पर्यंत आणा, ओठाला जाड लाकूड आवडत नाही.

ज्यांच्याकडे वाकडी सुरी नाही त्यांनी डवला करावा. कोकणात आणि गोव्यात पेज, आमटी वाढायला करवंटीचा डवला पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याची वाटी नारळाने आधीच कोरून दिलेली असते. जून नारळाची, डोळे नसलेली अर्धी करवंटी घ्या. बाहेरचे केस कोयत्याने खरवडा, मग फुटक्या काचेच्या कडेने गुळगुळीत करा. समोरासमोर दोन भोकं पाडा, एक जरा लहान. बांबूची किंवा पेरूच्या फांदीची काठी निमुळती करून दोन्हींतून आरपार घट्ट बसवा. खिळा, गोंद काही लागत नाही.

सुकवणं

घाई करायची नाही ती इथे. ओला तासलेला चाटू वर्तमानपत्रात गुंडाळून, त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घाला आणि सावलीत, वारा नसलेल्या जागी ठेवा. ऊन नको, पंखा नको. उन्हाळ्यात आठवडाभर, पावसाळ्यात तीन आठवडेही लागतात. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी कागद बदला, नाहीतर बुरशी धरते.

सुकला की नाही हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. रोज वजन करून पिशवीवर लिहा. माझा एक फणसाचा चाटू १३२ ग्रॅमवरून उतरत ९१ वर आला आणि सलग तीन दिवस तिथेच राहिला. मग तो सुकला असं समजायचं.

आता धार पुन्हा लावून शेवटचा हात फिरवा. सुक्या लाकडावर अगदी पातळ, कागदासारख्या ढलप्या काढायच्या. धार चांगली असेल तर सुरीने सोडलेले सपाट पैलू तसेच ठेवा. ते ओले झाल्यावरही फारसे खरखरीत होत नाहीत आणि दिसायलाही जिवंत वाटतात. गुळगुळीतच हवं असेल तर पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ४०० या क्रमाने, रेषेच्या दिशेने, नाकाला रुमाल बांधून. प्रत्येक टप्प्यानंतर चाटू ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या, उभे राहिलेले तंतू पुढच्या पेपरने काढा. पेपर मारल्यावर पुन्हा सुरी लावू नका, लाकडात अडकलेले कण धार खातात.

तेल

शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावू नका. ते लाकडात चिकट होतं आणि खवट वास धरतं. खोबरेल खवट व्हायला बराच वेळ घेतं, पण वाळत नाही आणि धुण्यात निघून जातं, म्हणून पुन्हापुन्हा लावावं लागतं. कोकणात ते हाताशी असतं, लावायला हरकत नाही.

माझं मत जवसाच्या तेलाला. घाण्यावरचं, खाण्याचं, कच्चं. हे तेल हवेत घट्ट होऊन लाकडात बसतं. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामासाठी ‘डबल बॉइल्ड’ म्हणून जे जवसाचं तेल मिळतं ते घ्यायचं नाही, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची रसायनं घातलेली असू शकतात. तेल किंचित कोमट करून भरपूर लावा, अर्ध्या तासाने वर राहिलेलं सगळं पुसून काढा. चार दिवसांनी दुसरा हात, आणखी चार दिवसांनी तिसरा. मग दोन-तीन आठवडे हवेशीर जागी टांगून ठेवा. वास गेला आणि बोटाला तेल लागेनासं झालं की वापरायला काढा.

यातली एक गोष्ट विसरू नका. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. फडकं पाण्यात बुडवा किंवा अंगणात पसरून कडक होईपर्यंत वाळवा, मगच टाका.

वापरात

पहिल्या काही दिवसांत हळदीचा डाग पडेल. पडू दे. साबणाने घासून धुवायला हरकत नाही, खरकट्या पाण्यात रात्रभर बुडवून मात्र ठेवू नका. धुतल्यावर आडवा न ठेवता उभा करून किंवा टांगून वाळवा. दोन-तीन महिन्यांनी लाकूड पांढुरकं, कोरडं दिसू लागलं की तेलाचा एक हात द्या. पावसाळ्यात काळे ठिपके दिसले तर लिंबाची फोड आणि मीठ लावून घासा, ऊन पडेल त्या दिवशी तासभर बाहेर ठेवा. ठिपके आत गेले असतील तर सुरीने तेवढा पापुद्रा काढून टाका. वर्षभराने कड झिजून खडबडीत होते, तीही दोन-चार ढलप्या काढून सारखी करता येते. आईच्या चाटूची कड मी आजवर तीनदा नीट केली. तो सुरुवातीपेक्षा बोटभर आखूड झालाय, आणि तिच्या कढईच्या गोलाईला आता अगदी बेताचा बसतो.